उशी खिडकीबाहेर गेली त्याची गोष्ट

"मुलगा सोन्यासारखा आहे गं, इंग्रजी तेवढं पितळेचं."

लग्न ठरलं त्या दिवशी सासरे सासूबाईंच्या कानात एवढंच बोलले होते. पण आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाची कुजबूजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचते. जावई दारातच चपला काढत होता. तेव्हापासून घड्याळं दुरुस्त करताना त्याला टिकटिक कमी आणि ते पितळच जास्त ऐकू यायचं.

मग एका गिऱ्हाइकाने भिंतीवरचं घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि त्या कागदावर त्याला ते क्रियापद भेटलं. डिफेनेस्ट्रेट. अर्थ, खिडकीतून बाहेर फेकणे. एवढ्याशा कामासाठी अख्खं क्रियापद! त्याचा जीवच जडला. आंघोळीला पाणी घेताना, दाढी करताना तो ते घोळवत राहिला. अडचण एकच. 'जाणे', 'खाणे' कुठेही खपतात. हे वापरायचं तर काहीतरी फेकावं लागणार.

सासरे राहायला आले. दुपारची झोप काढून खिडकीशी बसले. जावयाने बायकोला हाक मारली, घसा साफ केला, पलंगावरची जुनी उशी उचलून बाहेर भिरकावली आणि घडाघडा इंग्रजीत सांगितलं, की मी ही उशी डिफेनेस्ट्रेट केली आहे.

सासरे गोड हसले. "काय म्हणालात? थांबा, कानाचं मशीन लावतो. झोपताना अभ्र्यात ठेवतो मी, हरवायला नको." त्यांचा हात पलंगभर फिरला. "उशी कुठाय?"

"वारा! वाऱ्याने गेली, बाबा!" जावई हातवारे करत ओरडला.

"कुठला वारा?" बायको म्हणाली. "पडदा तरी हललाय का?"

उशी खालच्या इस्त्रीवाल्या मावशींच्या पत्र्यावर पडली होती. जावयाने झाडूने ओढून पाहिली, झाडू सुटला. झाडूसाठी छत्री काढली. छत्री वाटेतच उघडली आणि मोठ्या दिमाखात झाडूशेजारी जाऊन बसली.

"अहो घड्याळवाले!" मावशींचा आवाज आला. "घर बदलताय का? एकेक काय टाकता, टेम्पो बोलवा की!"

"म्हणा आता तुमचं वाक्य," बायको पुटपुटली. "तीनदा म्हणता येईल."

मावशी शिडी आणायला गेल्या. तोवर सासरे हाताची घडी घालून बसले होते. ज्याचे ओठ हलतील त्याच्याकडे बघून हसत होते. मधूनच मिटल्या ओठांकडे बघूनही.

मशीन आलं, कानात बसलं.

"वाऱ्याने नाही गेली, बाबा. मीच फेकली. तुमच्यापुढे मिरवायला."

"उशी फेकून?" सासरे बघतच राहिले. मग मास्तर जागे झाले. "याला इंग्रजीत एक नेमकं क्रियापद आहे, जावईबापू. खिडकीतून फेकणे. काय बरं... शिकवायचो हो मी." त्यांनी कपाळ चोळलं. "हल्ली शब्दही रुसतात."

जावयाच्या जिभेवर ते क्रियापद उड्या मारत होतं. बायको श्वास रोखून बघत होती. त्याने ते तसंच गिळलं.

"'ड'वरून तर नाही ना, बाबा?"

"डिफेनेस्ट्रेट!" सासरे गरजले.

"आता काय टाकलं?" खालून मावशी ओरडल्या.

"लक्षात ठेवा हं, जावईबापू."

"ठेवतो, बाबा."

सासरे पुन्हा आडवे झाले. कानातलं मशीन काढता काढता म्हणाले, "लग्न ठरलं त्या दिवशी तुम्ही दारात चपला काढत होतात. दिसलं होतं मला. तरी बोलून गेलो. इतकी वर्षं सांगीन म्हणतोय... त्यातलं निम्मं मागे घेतो."

"कोणतं निम्मं, बाबा?"

पण मशीन अभ्र्यात गेलं होतं.