इस्त्रीखालच्या प्रार्थना

"सोमवारपासून मी देवापासून एक मिनिटही लांब राहणार नाही!" रविवारच्या उपासनेनंतर कडकरावाने पाळकसाहेबांचा हात दाबत जाहीर केलं. शेजारी उभी असलेली बायको नुसतं "बरं" म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

कडकराव हा इस्त्रीवाला. त्याने इस्त्री केलेला शर्ट खुंटीला न लावता नुसता उभा केला तरी राहील, म्हणून हे नाव. माणूस मात्र मऊ. प्रार्थनेला डोळे मिटले की तिसऱ्या वाक्याला घोरायचा! त्यावर त्याने नामी युक्ती काढली होती. उभ्याने काम करताना काही झोप लागत नाही. तेव्हा ज्याचा कपडा हाताखाली, त्याच्यासाठी प्रार्थना! विसरायला नको म्हणून गठ्ठ्याच्या नंबराची जी चिठ्ठी असते, तिच्या पाठीवर तो ती लिहूनच ठेवू लागला.

आठवडा सोन्यासारखा गेला. एकही कॉलर करपली नाही. एकाही गिऱ्हाइकावर तो खेकसला नाही. ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली, त्याच्यावर दुपारी खेकसायचं कसं? टेबलापलीकडच्या स्टुलावर प्रभू येऊन बसलाय, असंच त्याला वाटायचं.

शनिवारी तो इस्त्रीची वायर बदलून घ्यायला गेला. परत येऊन बघतो तर दुकान रिकामं!

"गठ्ठे कुठायत?"

"पोहोचवले. तेवीसच्या तेवीस!" बायको घाम पुसत म्हणाली.

"आणि चिठ्ठ्या?"

"टाचून दिल्या. अहो, चिठ्ठ्यांचं आणखी काय करतात?"

बयेने नंबर पाहिले होते, पाठ पाहिली नव्हती. कडकरावाच्या तोंडचं पाणी पळालं.

"एवढं काय लिहिलं होतंत त्यांच्यावर?"

"दातांच्या डॉक्टरांसाठी, 'प्रभू, यांचा हात हलका कर.'"

"चांगलं आहे की!"

"मुख्याध्यापिकाबाईंसाठी, 'बाईंना हसायला शिकव, निदान सुट्टीच्या दिवशी तरी.'"

"अरे देवा! आणि वकीलबाईंसाठी?"

वकीलबाईंच्या ऑफिसचे कोट म्हणजे दुकानाचं निम्मं काम. ते गेलं तर शटर ओढायचीच पाळी!

"'प्रभू, यांना खरं बोलायचं बळ दे, नाहीतर दुसरा धंदा दे.'"

बायको मटकन स्टुलावर बसली.

कडकराव धावत सुटला. वाटेतच दवाखाना, आणि दारात चिठ्ठी हातात धरून साक्षात डॉक्टर! "या, या! हात हलका झालाय का बघू!" म्हणत त्यांनी त्याला खुर्चीतच घातलं. तोंडाचा आ केलेला माणूस माफी मागणार कशी? अर्ध्या तासाने सुटका झाली. त्याची महिनाभर दुखणारी दाढ शांत झाली, जीव मात्र टांगणीला.

तो ऑफिसात पोहोचला तोवर वकीलबाईंनी चिठ्ठी वाचली होती. "हे अक्षर तुमचंच?"

"हो... पण बाई, ते तुमच्यासाठी नव्हतं. देवासाठी होतं!"

"म्हणजे माझी तक्रार थेट वर केलीत? सोमवारी येते दुकानात!"

सोमवारी त्या आल्या. काखेत समोरच्या लॉन्ड्रीची पिशवी! कडकरावाने ती पाहिली आणि मनातल्या मनात शटर ओढून घेतलं. पण बाईंच्या पुढे एक जण उभे होते, निवृत्त पोस्टमास्तर आजोबा. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात वाचली.

"'प्रभू, आजी गेल्यापासून आजोबा एकाच माणसाचे कपडे आणतात. उशीचे अभ्रे मात्र अजून दोन आणतात. त्यांच्याजवळ बस.'"

"चुकलं, आजोबा."

"चुकलं कसलं? दोन महिने जो तो मला सांगतोय, देवाची इच्छा! मी रागाने प्रार्थनाच सोडली होती. म्हटलं, त्याला काय पडलंय माझं? आणि इथे तू माझे अभ्रे मोजून त्याला सांगतोयस!" त्यांनी चिठ्ठीची जपून घडी घातली. "काल बोललो त्याच्याशी. भांडलोच म्हण ना. पण बोललो रे!"

कडकरावाला रडूच आलं. मागे वकीलबाईंनी जोरात नाक शिंकरलं आणि पिशवी टेबलावर उलटी केली. आतून कोट पडले, मळलेले!

"परवा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तेवढं लिहा," त्या दरडावून म्हणाल्या. "आणि मागच्या वाक्यातलं बळाचं तेवढं राहू दे. दुसरा धंदा नकोय मला!"

संध्याकाळी कडकराव शीळ घालत पँटवर इस्त्री फिरवत होता. बायको मात्र कोऱ्या चिठ्ठ्या उलटसुलट करून बघत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. तेवीस गठ्ठे, तेवीस चिठ्ठ्या. माझ्यासाठी काय लिहिलंत?"

कडकरावाची शीळ बंद. घरच्या कपड्यांना कुठे नंबर असतो? आणि नंबर नाही तर चिठ्ठी कुठली! त्याने हातातली इस्त्री तशीच ठेवली, कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहायलाच बसला. तिचे सुजणारे पाय, तिची पाठ, त्याचं घोरणं सोसत काढलेली बावीस वर्षं! एका चिठ्ठीत मावेना. दुसरी घेतली, तिसरी घेतली. देव इतका जवळ त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

"अहो, धूर! धूर!"

पँट पाळकसाहेबांची होती. त्या आठवड्यात त्यांच्या गठ्ठ्याला टाचलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'प्रभू, यांना क्षमेचं मन दे.'