घरी विचारून सांगतो

हेडक्लार्कांनी बुटांच्या दुकानात तब्बल सहा जोड पायांत घालून पाहिले. दुकानदार दर वेळी गुडघे टेकून खाली बसत होता, दोन्ही पायांची मापं घेत होता, शिडीवर चढून खोकी काढत होता. सातवा जोड मात्र असा बसला, की चार फेऱ्या मारल्या तरी पायांत काही घातलंय असं हेडक्लार्कांना वाटेना. त्यांनी उजवा बूट काढून हळूच उलटा करून पाहिला. आठ नंबर.

“बांधून देऊ?”

“घरी विचारून सांगतो.”

दुसऱ्याच्या वहाणेनं विंचू मारायची त्यांची खोड जुनीच. कोपऱ्यावर वळताच त्यांनी मोबाईल काढला आणि त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, आठ नंबरचा जोड ऑनलाइन मागवला. दुकानापेक्षा बराच स्वस्त. घरी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

शनिवारी बायको घरी नसताना पार्सल आलं. उजवा बूट झकास बसला, डावा मात्र अंगठ्याला असा चावला की डोळ्यांत पाणी आलं. हेडक्लार्कांनी त्यात रद्दीचे बोळे कोंबून ठेवले, मोजा काढून पाहिला, घरभर लंगडून पाहिलं. बूट ढिम्म. जुन्या बुटांचे तळ तर केव्हाच उघडले होते. आणि सोमवारी नव्या साहेबांना अख्खा कारखाना पायी फिरवून दाखवायचा होता. ऑफिस सुपरिंटेंडंटची खुर्ची रिकामी होती आणि साहेबांवर छाप पाडायला तेवढा एकच दिवस होता.

रविवारी दुपारी बायको बाहेर पडल्यावर त्यांनी जोड परत पाठवायची नोंद केली, खोकं टेबलावर ठेवलं. न्यायला माणूस संध्याकाळी येणार होता. मग मनाचा हिय्या करून, चपला घालून ते दुकानात गेले.

“तो परवाचा जोड द्या. घरी विचारलं.”

“तो तर सकाळीच वहिनी घेऊन गेल्या की! मीच त्यांना म्हटलं, तुमच्या यजमानांना फार आवडला होता, तुम्हाला विचारायचं म्हणून ठेवून गेले. वहिनींना भरूनच आलं. म्हणाल्या, स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की हे असंच मन मारतात.”

 हेडक्लार्कांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

“बरं झालं नेला ते,” दुकानदार म्हणाला. “दुसऱ्या कुणाला झालाच नसता. तुमचा डावा पाय जरा मोठा आहे ना. डावा नऊ, उजवा आठ असा जुळवून दिला होता. लोकांना उगाच व्यंग काढल्यासारखं वाटतं, म्हणून बोललो नाही. दोन जोड फोडावे लागले, पण म्हटलं, ओळखीचं गिऱ्हाईक आहे, येणारच.”

“नऊचा दुसरा जोड आहे?”

“आता नाही. शेवटचाच होता. पण तुम्हाला कशाला हवाय?”

खरंच, कशाला हवाय? बूट घरी येऊन पडलेत. हेडक्लार्क जवळजवळ धावतच घरी पोचले. जिन्यात त्यांना पार्सलवाला भेटला. त्याला त्यांनी हसून वाट दिली.

“अहो, काय हे,” दार उघडत बायको म्हणाली. “तुम्ही मागवलेत ते सांगायचं तरी. मी आपली तुम्हाला चकित करायला सकाळीच तसलाच जोड आणला. बरं तर बरं, तो माणूस परत न्यायला आला. एक दिला त्याला.”

“टेबलावरचा ना?”

“नाही हो, दुकानातला. दोन्ही शेजारी ठेवून बघितले मी. त्याचे तळ एकमेकांना जुळत नव्हते. चुकून खराब माल दिला असेल बिचाऱ्यानं. आता इतक्या प्रेमानं देणाऱ्या माणसाच्या तोंडावर परत कसं करायचं? कंपनीला काय फरक पडतो?”

हेडक्लार्क खुर्चीत बसले.

“फॉर्मवर कारण विचारलं होतं,” बायको म्हणाली. “लिहिलं, डावा बूट मोठा आहे.”