बोनेटावरील तिसरी चढाई आणि थर्मामीटरची उचलबांगडी

विद्यमान वाचकांचे सेवेसी कृतानेक विज्ञापना. गाड्यांस रंग देणाऱ्या एका गॅरेजात थिनरावरून रण कैसे माजले, कोण हट्टास पेटले, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या निळ्या गाडीचे बोनेट अखेर कोणाचे हाते झळकले, याचे साद्यंत वर्तमान सेवकाने जैसे ऐकिले तैसे लिहिले. पदरचे तिखटमीठ घातले असेल तर बेताचेच.

गॅरेजाचे धनी खासे वडील, चाळीस वर्षे स्प्रेगन हीच त्यांची समशेर. थोरली कन्या, जिला सारे ताई म्हणत, रंग कालवण्यात निष्णात. आणि धाकटे चिरंजीव पॉलिश पेपर घासण्याचे कामी तैनात. त्या बोनेटावर दोन वेळा चढाई जाहली, गन ताईचे हाती आणि थिनर वडिलांचे पसंतीचे, आणि दोन्ही वेळा रंग संत्र्याच्या सालीसारखा उठला, आणि मग चिरंजिवांनी तो घासघासून पार उतरविला आणि बोटांची सालटी काढून घेतली. मग वडिलांनी फर्मान काढिले की, तिसऱ्या चढाईस फत्ते जाहली तर गन कायमची ताईचे हवाली, नाहीतर तिने आजन्म पत्रे ठोकावे. बारा वर्षे त्या गनेवर डोळा ठेवलेल्या ताईने तिसऱ्यांदा बाह्या सरसाविल्या.

रंग पातळ करणाऱ्या थिनरांचे सरदार तीन : फास्ट, मीडियम आणि स्लो. पैकी फास्ट मोठा उतावळा. थंडीत कामाचा, परंतु तापल्या पत्र्यावर रंग नीट पसरण्याआधीच हवेत पळ काढावा, ऐशी त्याची खोड. स्लो सबुरीचा, उन्हाळ्यात रंगास पसरू देईल आणि मगच निघेल. सबब, पत्रा किती तापला यावर सारी मसलत.

आणि येथेच घात होता. गॅरेजाचा थर्मामीटर ऑफिसात, एसीच्या बरोबर खाली टांगलेला. वडील दर मोहिमेपूर्वी त्यासमोर उभे राहात, चष्मा पुसत, आणि आकडा वाचून हुकूम सोडीत. त्या दिवशीही वीस अंश वाचिले आणि फास्टचा डबा आणविला. बाहेर अंगणात गाडी सकाळपासून उन्हात भाजत होती, आणि तिला नुकतेच बूथमध्ये, म्हणजे रंग मारण्याच्या बंद खोलीत, ढकलिले होते.

ताईने बोनेटावर तळहात टेकविला, चटका बसला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती तडक ऑफिसात शिरली.

“बाबा, गाडी ऑफिसात रंगवायचीय का?”

“पंधरा वर्षं इथंच बघतोय मी!”

मग ताईने जे केले ते करण्याची छाती आजवर कोणास जाहली नव्हती. तिने थर्मामीटर खिळ्यावरून उचलिला, बूथमध्ये नेला आणि बोनेटावर निजविला. पारा चढला, चढतच गेला आणि चाळिसावर जाऊन थबकला. वडिलांनी दोनदा वाचिला, थर्मामीटर हलवून तिसऱ्यांदा वाचिला, आणि मग हुकूम केला की, स्लो घ्यावा, परंतु ओघळ आल्यास कोणी आमच्या तोंडाकडे पाहू नये.

मग ताईने चार भाग रंग, एक भाग हार्डनर आणि एक भाग स्लो मोजून घेतला. हार्डनर पडल्यावर रंग घट्ट होऊ लागतो, मग माघार नाही, हे ठाऊक असून तिने तो ओतिला. मग मास्क चढवून तिने हात चालविला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि रंग असा अलगद पसरला की तिला मास्काआड हसू आवरेना. बाहेर वडील बोट लावून पाहण्यास आतुर, आणि चिरंजिवांनी त्यांस दोन्ही हातांनी कवळून धरिलेले. “बाबा, पुन्हा मी घासणार नाही हां!”

थर सुकल्यावर वडील आत आले आणि वाकून बोनेटात उमटलेले छत पाहू लागले.

“चौथी ट्यूब लुकलुकतेय. बदलायला हवी,” इतकेच वदले. मग आणखी वाकले, आणि आपल्या नाकावर सकाळपासून बसलेला निळा ठिपका त्यांस बोनेटात स्वच्छ दिसला. बाहीने पुसला, तो अधिकच पसरला. सारा बूथ हसला, आणि तेही हसले.

येणेंप्रमाणे बोनेट फत्ते जाहले. थर्मामीटर बूथच्या भिंतीवर रुजू जाहला. गन वडिलांनी स्वहस्ते धुतली, पुसली, ताईच्या हाती दिली, आणि डोळे थिनराने चुरचुरतात म्हणोन लगबगीने बाहेर गेले. थिनरांचे सारे डबे तेव्हा घट्ट बंद होते, ही नोंद सेवकाने मुद्दाम करून ठेविली.