माझा मुराळी आणि त्याची पिवळी गाडी

माझा भाऊ गाडी चालवता चालवता मध्येच थांबतो, खाली उतरतो, रस्ता ओलांडून पलीकडे जातो आणि तिथून गाडीकडे बघत उभा राहतो. एक डोळा मिटलेला, हात लांब केलेला, अंगठा उभा. आपण आत बसलेले असतो. मागून ट्रकवाले हॉर्न देत असतात आणि भाऊ अंगठ्यानं बॉनेटची लांबी मोजत असतो. समाधान झालं की परत येऊन बसतो आणि म्हणतो, "नही, जमली आहे." मग पुढच्या गावापर्यंत काही धोका नसतो.

ही गाडी त्यानं स्वतः बनवलेली आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. विकतच्या गाडीकडे कोणी असं बघत नाही.

भाऊ म्हणजे सुधाकर, माझा थोरला आणि एकुलता एक भाऊ. नशिराबादजवळ आमचं गाव, घरची केळीची शेती. भाऊ हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचा. शाळेत शुद्ध बोलायचा आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की गावचं बोलायचा. निवृत्तीच्या अलीकडे त्यानं कुठूनसं शोधून काढलं, की पंजाबात जुन्या पद्धतीच्या मोटारीचे सुटे भाग मिळतात. दरवाजे, मडगार्ड, बॉनेट, दिवे सगळं पेट्यांतून येतं, आपण घरी जोडायचं. खाली सांगाडा आणि इंजिन म्हणून त्यानं एक म्हातारी जीप घेतली, कागदपत्रांसकट. नंतर आरटीओत खेपा घालून घालून सगळं रीतसर पास करून घेतलं, तेवढा तो मास्तर आहेच.

पेट्या आल्या त्या दिवशी निम्मं गाव आमच्या केळीच्या वखारीत जमलं होतं. भावानं एकेक भाग गवतातून काढून भिंतीशी मांडला. जोडायला सुरुवात करण्याआधी त्यानं भिंतीवर पूर्ण गाडीचं चित्र काढलं, खऱ्या मापाचं, सावलीसकट. चित्र इतकं सुंदर आलं, की वहिनी म्हणाल्या, एवढ्यावरच थांबा. पण थांबतो कसला. कोणी काहीही शंका काढली, ब्रेकबद्दल, इंजिनाबद्दल, की त्याचं एकच उत्तर ठरलेलं: "आधी दिसली पाह्यजे, मंग चालली पाह्यजे."

या वाक्याचा अर्थ आम्हाला पूजेच्या दिवशी समजला. गाडी अंगणात उभी. चाकांखाली लिंबं ठेवलेली. बॉनेटला हार. रंग पिकल्या केळीचा, पण डाग पडायच्या आदल्या दिवशीच्या केळीचा; तो रंग घोटवण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला होता. समोर सगळं गाव उभं होतं, फोन उगारून. भावानं नारळ फोडला, आत बसला, पहिला गिअर टाकला, आणि गाडी रुबाबात मागे गेली. मागे वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या म्हणून वाचल्या, पण शेजाऱ्यांनी सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी वाचली नाही. गाडी कपाशीच्या त्या काटक्यांत शिरून बंद पडली. भावानं परत सुरू करून दुसरा गिअर टाकून पाहिला, तर ती आणखी जोरात मागे गेली.

झालं होतं असं, की मागचा एक्सल त्यानं रंगवायला म्हणून काढला होता आणि परत बसवताना वरची बाजू खाली केली होती. चुकून नाही. त्याला ती बाजू जास्त रेखीव वाटली. त्यामुळे पुढे जायचे सगळे गिअर मागे जायला लागले आणि मागे जायचा एकुलता एक गिअर पुढे. एक्सल सरळ करून मिळेपर्यंत भाऊ थांबला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्याला ओळखत नाही. तो त्या एका गिअरवर शिवाररस्त्यानं फिरला. गाडी कण्हत कण्हत माणसाच्या चालीनं जायची आणि शेताकडे निघालेले आबा लोक तिच्याबरोबर गप्पा मारत चालायचे. एकानं तर आपली काठी मागच्या सीटवर ठेवून दिली होती.

लोक हसायचे आणि भाऊही त्यांच्याबरोबर हसायचा. आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं, की देवानं याला बनवताना लाज घालायचीच राहून गेली. वहिनी हे त्याच्या तोंडावर म्हणायच्या. त्याच्या वाट्याची लाज मग आम्हीच वाटून घेतली होती. वहिनींकडे गावातली, माझ्याकडे धुळ्यातली.

माझं सासर धुळ्याला, देवपुरात. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. आमचे हे बँकेत, अत्यंत शिस्तीचे, सायकललासुद्धा कव्हर घालणारे. यांच्या बढतीचा एका हॉलवर छोटा कार्यक्रम होता, त्याला भाऊ प्रेमानं आला. गाडी घेऊन आला. शेजारच्या हॉलमध्ये लग्न होतं. ही जुन्या वळणाची, चकाकती, पिवळी मोटार बघून तिथल्या वॉचमनला ती वरातीचीच वाटली, त्यानं भावाला ती मंडपाच्या दारात लावायला सांगितली आणि भाऊ आमच्याकडे चहा पिऊन परत जातो, तर गाडीवर फुलांची जाळी चढलेली आणि आत एक नवरदेव बसलेला. दुसरा कोणी असता तर भांडला असता. भावानं नवरदेवाला चौकापासून मांडवापर्यंत मिरवून आणलं. बँडच्या मागे, डोळे मिटल्यासारखा खूश. यांचे साहेब गॅलरीतून बघत होते. "ते गाडीवाले तुमचे कोण?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पाण्याच्या ग्लासकडे.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आमच्या ऑफिसातही पोचला. कोणी काही वाईट बोललं नाही. फक्त एका मॅडमनी अगदी निरागसपणे विचारलं, की वरातीचे दर काय आहेत. मी दिवसभर मान वर केली नाही.

तर अशा पार्श्वभूमीवर यंदाची आखाजी आली. अक्षय्यतृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात आणि ती लेकीबाळींची. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस आणि मांडे खायचे, आणि हे सगळं माहेरी. लेकीला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, तो मुराळी. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे लग्न झाल्यापासून माझा मुराळी भाऊच. माझं वय झालं, माझे केस पांढरे झाले, पण ही रीत त्यानं एका सालीही चुकवली नाही. माझ्या दोन्ही जावांचे भाऊ मोठमोठ्या गाड्यांतून येतात. माझा भाऊ एसटीनं यायचा, हातात कैरीच्या लोणच्याची बरणी, आणि आम्ही दोघं चालत कोपऱ्यापर्यंत जाऊन रिक्षानं स्टँड गाठायचो. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

यंदा वाटलं. कारण यंदा तो गाडीनं येणार होता. आखाजीच्या आधी दोन्ही जावा, त्यांचे भाऊ, भाच्या, सगळे दारात असतात. गल्ली फोन उगारून उभी राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी त्याला फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, गाडी आत आणू नकोस. कोपऱ्यावर लाव. आमची गल्ली अरुंद आहे, वळायची नाही."

आमच्या गल्लीतून पाण्याचा टँकर जातो, हे त्याला माहीत होतं. तरी तो "बरं" म्हणाला.

आणि ठरल्या दिवशी गाडी सरळ गल्लीत आली. सावकाश, पोरांची रांग मागे घेऊन, जावांच्या भावांच्या पांढऱ्या गाड्यांच्या मधून वाट काढत, आणि आमच्या पायरीला टेकून उभी राहिली. भाऊ उतरला. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. थेट सासूबाईंना हाक मारली. "अक्का, जरा बाहेर येता का? गाडी दाराशी लावली आहे."

सासूबाई आता खूप थकल्या आहेत. त्या भिंतीला धरून आल्या, पायरीवर बसल्या. त्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगली शे भाऊ. बठ्ठी पिवयी शे." सगळीच्या सगळी पिवळी, असं त्यांच्या अहिराणीत. भावानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि अजून एकदा, नीट ऐकू जाईल असं सांगितलं, की गाडी दाराशी लावली आहे. धाकट्या जावेनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जमिनीत जावं. मी कशीबशी पिशवी घेऊन बसले, डोक्यावरून, तोंडावरून ओढणी गुंडाळून घेतली आणि गल्ली संपेपर्यंत माझ्याच पायांकडे बघत राहिले.

पारोळ्याच्या अलीकडे तो त्याच्या सवयीनं थांबला आणि मी ओढणी सोडून चांगली भांडायला लागले. म्हटलं, मी तुला एक गोष्ट सांगितली होती, एकच. तेवढी ऐकता नाही आली? सगळ्या गल्लीत तमाशा केलास.

तो गाडीकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पह्यल्या आखाजीले तुले घ्याले आलो, आठोते? तू आत पिशवी भरत व्हती. तुह्या जावेचा भाऊ जीप घेऊन आला व्हता. अक्कानं मले सहज विचारलं, भाऊ, तुमनी गाडी कोठे शे? म्या म्हनलं, कोपऱ्यावर लावली."

मी गाडीतून खाली उतरले.

"एक डाव खोटं बोललो, मंग दर साली बोलनं आलं. ती दर साली विचारे. मले वाटे, आज पाह्याले येईन कोपऱ्यावर. तुले रिक्षात बसवेपर्यंत मले मांगं पाह्याची हिंमत नही व्हायची." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं दरवाज्यावरची धूळ पुसली. "आता म्हातारी थकली. म्हनलं, ती आहे तवर एक डाव तरी गाडी दाराशी लावू."

ज्या माणसाला लाज नाही असं आम्ही घरभर बोलत आलो, तो माझ्या लग्नापासून लाजत होता, आणि माझ्यापायी. आणि मी त्याला फोन करून काय सांगितलं होतं? गाडी कोपऱ्यावर लाव. मला तिथे रस्त्यात रडू आलं. भावाला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधी समजत नाही. त्यानं मला बॉनेट उघडून इंजिन दाखवलं.

मग मात्र आम्ही मजेत आलो. वारा लागत होता. गाडीतून येणारा प्रत्येक आवाज त्याला नावानिशी माहीत होता. हा डाव्या मडगार्डचा, हा दिव्याच्या काचेचा. विकतच्या गाडीत आवाज आला की माणूस घाबरतो, या गाडीत एखादा आवाज आला नाही की भाऊ घाबरायचा. एरंडोलच्या पुढे त्यानं मला विचारलं, चालवतेस का. मी नको म्हटलं, आणि नंतर रात्रभर वाटत राहिलं की चालवायला हवी होती.

आखाजी झाली. झोके झाले, रस झाला, वहिनींच्या हातचे मांडे झाले. भाऊ मला पोचवायला निघाला. देवपुरात शिरलो, आमच्या गल्लीचा कोपरा आला आणि त्यानं आपणहून गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, उतरला आणि माझी पिशवी हातात घेतली.

"इथून चालत जाऊ," तो म्हणाला. "माहं काम त्या दिवशी झालं. आता तुले अवघड वाटाले नको."

त्याला सगळं समजलं होतं. अरुंद गल्लीचं, ओढणीचं, सगळं. जाताना समजलं होतं आणि चार दिवस तो त्यावर एक शब्द बोलला नव्हता. गल्लीत संध्याकाळची माणसं ओट्यावर बसली होती. धाकट्या जावेचा भाऊही तिला पोचवायला आला असावा, पांढरी गाडी दिसत होती.

मी जागची हलले नाही. म्हटलं, "पिशवी आत ठेव भाऊ. दाराशी ने."

"नक्की?"

"ने ना."

तो बसला. त्यानं गाडी सुरू केली आणि ती आमच्या गल्लीत वळली, पिवळीधमक, सगळे आवाज करत. माणसं उठून उभी राहिली, पोरं धावत आली, वरच्या मजल्यावरून कोणीतरी फोन काढला. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटतच होती. कान तापले होते. पण ओढणी मी खांद्यावरच ठेवली, आणि दार येईपर्यंत भावाशी मोठ्यानं बोलत राहिले.