साडेअकराची फाईल

किसनभाऊ दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. कुणी कारण विचारलं की म्हणत, "एक बंद पडलं मंग?" जालन्यातल्या आमच्या बियाण्यांच्या कंपनीत नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच हे विचारून घ्यायचा आणि मागे वळून हसायचा. मीही हसलो होतो.

केदारखेड्याचे हे गृहस्थ कंपनीचा सर्व्हर सांभाळत. माणसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "माणूस इसरतो, फाईल इसरत न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एका फाईलीत कामं ओळीनं लिहायची, ती किती वाजता चालवायची ते सर्व्हरला सांगून ठेवायचं, की झालं. या बॅच फाईलींकडून ते सगळं करून घेत. दुपारी एकला गोदामाच्या नोंदींची नक्कल, शनिवारी जुन्या फाईलींची साफसफाई, आणि रोज ज्याच्या त्याच्या पडद्यावर निरोप.

गच्चीवरच्या टाकीच्या मोटरचं बटण मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये होतं. म्हणून टाकी भरली की मोटर बंद करायचा निरोप साहेबांना जाई. एकदा हैदराबादचे व्यापारी समोर बसलेले असताना पडद्यावर झळकलं, 'मोटर बंद करा. काल विसरलात.' व्यापारी हसले, साहेब लालबुंद झाले. किसनभाऊंना बोलावणं गेलं. ते शांतपणे म्हणाले, "खोटं हाय का साहेब?"

नक्कल चालू असताना संगणकाला कुणी हात लावू नये, म्हणून एक वाजायच्या आधी ते आम्हाला डब्यासकट खुर्चीवरून उठवत. "जल्दी उठा. फाईल कुणासाठी थांबत नसती." मी नोकरीला लागलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांची बायको वारली होती. साखरेचा आजार होता, एवढंच कानावर होतं. त्या विषयावर कुणी बोलत नसे.

मग नवा सर्व्हर आला, तो नेमका त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. सगळ्या फाईली त्यावर पुन्हा लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांनी वहीच्या पानावर यादी लिहून दिली होती. शेवटची ओळ होती, रोज साडेअकरा, निरोप फक्त त्यांच्याच पडद्यावर: 'सुमन जेवली का.' सुमन म्हणजे त्यांची बायको. साहेबांनी बजावलं होतं, जुनं निरुपयोगी काही नव्या मशीनवर चढवायचं नाही. मी त्यांच्या घरी फोन लावला.

"किसनभाऊ, ती साडेअकराची काढून टाकू का?"



"सकाळी इन्सुलिन घ्यायची अन् कामाच्या नादात जेवायचं इसरायची," ते म्हणाले. "म्हणून निरोप आला की मी शेजारी फोन करून तिला जेवाय लावायचो. त्या दिवशी सर्व्हर मीच बंद केल्ता, आतली धूळ साफ कराया. हातात घड्याळ नव्हतं. परत चालू केला तरी निरोप आला न्हाई, तर मला वाटलं, साडेअकरा अजून वाजलेच न्हाईत. शेजारीण गेली तवा ती ओट्यापाशी पडल्ती. साखर पार उतरल्ती."

त्या दोन घड्याळांना मी रोज हसत आलो होतो, त्याची लाज वाटली.

"राहू दे ती," ते म्हणाले. "पण बराबर साडेअकराला."

साहेबांना न विचारता मी ती फाईल सगळ्यांत आधी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिलो. निरोप आला. तो बंद करायला हात पुढे केला, तोच फोन वाजला.

"आला का?"

"आला."

"बराबर येळेवर?"

"बराबर साडेअकरा."

"मंग ठीक." फोन ठेवायच्या आधी ते जरा घुटमळले. "दत्ता, तू जेवलास का रे?"

आमचा डबा एकचा. मी "हो, जेवतोच आता" म्हणालो आणि तिथेच, त्यांच्या टेबलावर, डबा उघडला.