रमणलालशेठच्या कानातलं गाणं

पिठाच्या गिरणीत स्पीकर ठेवण्यात अर्थ नाही. गिरणी सुरू असली की शेजारी फटाका फुटला तरी कळत नाही, तिथं गाणं काय ऐकू येणार? हे मला बायकोनं, आमच्या प्रतिभानं, आधीच सांगितलं होतं. तरी मी घेतला. निळा, बिनवायरचा, ब्लूटूथचा. कारण मला माझी गाणी ऐकायचीच नव्हती. मला रमणलालशेठचं गाणं ऐकायचं होतं.

कळंबला आमची गिरणी आणि रमणलालशेठचं कापडाचं दुकान, मध्ये एकच भिंत. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. (मी सातवी. तीही दोनदा.) तर हे शेठ गेले तीन महिने रोज दुपारी दोन वाजता शटर अर्धं ओढायचे, गादीला टेकायचे, कानात ती इयरफोनची बोंडं घालायचे आणि डोळे मिटून गालातल्या गालात हसायचे. साठीचा माणूस! असा हसायला लागला तर शेजाऱ्यानं चौकशी करायची नाही तर कुणी करायची?

"शेठ, कोणतं गाणं ओ?" मी रोज विचारायचो.

"काही नाही कुशाबाभाऊ, असंच."

'असंच' या शब्दानं मला झोप येत नाही. भजन म्हणावं, तर माणूस हात जोडेल. सिनेमातलं म्हणावं, तर मान हलवेल. हे नुसतं हसणं कशाचं?

स्पीकर आला त्या दिवशी मी शेठना हाताला धरून गिरणीत आणलं. "तुमच्या मोबाईलवरचं एक भजन लावा की. आवाज कसाय ते सांगा." शेठनी भोळेपणानं मोबाईल जोडला, भजन लावलं, "छान आहे" म्हणाले आणि गेले. मोबाईलमधली गाण्यांची यादी काही मला दिसली नाही. पण एकदा जोडलेला मोबाईल दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आपोआप जोडला जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. (मला होतं, असं प्रतिभा म्हणते. मी त्यावर बोलत नाही.)

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत चांगली गर्दी. पुढं गोजरबाई, डोंगरातल्या. लेकीकडं आल्या की नाचणी आमच्याकडंच दळतात. त्यांच्या मागं रुक्मिणीबाई, म्हणजे शेठच्या मंडळी, बेसनासाठी डाळ घेऊन. पट्टा फडफडत होता. पलीकडं दोन वाजले. शेठच्या कानात आवाज येईना, म्हणून ते बिचारे आवाज वाढवत गेले. पार टोकाला नेला.

आणि लाईट गेली.

गिरणी गप झाली. आणि त्या शांततेत निळ्या डबड्यातून एका बाईचा आवाज निघाला. मारवाडी गाणं. मागं कुठं परातीचा आवाज, पण गळा असा, की गोजरबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"कोन गं बया म्हनतीय? लई ग्वाड!"

"शेठचं गाणं!" मी ओरडलो. "घावलं!"

तेवढ्यात माझं लक्ष रुक्मिणीबाईंकडं गेलं. त्या लाल झाल्या होत्या, मग पांढऱ्या झाल्या. पुन्हा लाल झाल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आवाज त्यांचाच होता.

मी स्पीकर बंद करायला धावलो. बटण सापडेना. घाबरून तो गोजरबाईंच्या नाचणीत खुपसला, तर गाणं नाचणीतून येऊ लागलं. "माजं दाणं!" गोजरबाई किंचाळल्या. तितक्यात लाईट आली, गिरणी धडधडली आणि पुढचं सगळं बुडालं. रुक्मिणीबाई डाळ तिथंच टाकून निघून गेल्या.

चार दिवसांनी शेठ गिरणीत आले. चेहरा उतरलेला.

"कुशाबाभाऊ, माझी दुपार घालवलीत राव तुम्ही."

तेव्हा कळलं. रुक्मिणीबाई फक्त एकट्या असताना, कणीक मळताना गातात. पाऊल वाजलं की गप्प. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण शेठनी समोर बसून एक ओळ ऐकलेली नाही. म्हणून मोबाईल फ्रिजवर चार्जिंगला लावायच्या निमित्तानं रेकॉर्डिंग चालू ठेवलं. एकदाच जमलं. तेही अर्धंच.

"सासरी निघालेली पोरगी आईला विचारते, आई, आता तुझ्या माठात पाणी कोण भरणार? आई काय उत्तर देते, ते पुढच्या अर्ध्यात आहे. आणि आता ती गायचीच बंद झाली. चार दिवस कणीक मुक्यानं मळतेय."

मला फार वाईट वाटलं. (आणि आई काय म्हणाली असेल, हेही वाटत होतं. माणसाला दोन गोष्टी एकदम वाटू शकतात.)

संध्याकाळी मी प्रतिभाला घेऊन दुकानामागच्या त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. रुक्मिणीवहिनींनी पाणी दिलं, पण ग्लास असा ठेवला की निम्मं टेबलावर.

"तुमची चूक नाही भाऊ," त्या म्हणाल्या, पण बघत होत्या शेठकडं. "चौतीस वर्षं! मीठ कमी पडलं ते त्याच दिवशी सांगता आलं. गाणं आवडतं हे नाही सांगता आलं?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस."

वहिनींनी टेबलावरचं पाणी फडक्यानं पुसलं. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आणि अर्धंच आहे म्हणता, ते का?"

"पुढं तू थांबलीस."

"मी? मी मध्येच कशाला थांबेन?"

शेठ पंख्याकडं बघायला लागले. मला राहवेना. "लावा की शेठ. बघू तरी कशानं थांबल्या."

"नको, कुशाबाभाऊ."

"लावा ओ! सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

शेठनी लावलं. पोरीनं आईला विचारलं, स्वर वर चढला, अंगावर काटा आला. आता आई बोलणार, एवढ्यात खिडकी खाडकन उघडल्याचा आवाज, आणि मागोमाग एक पुरुषी गळा:

"वहिनी! कढी का आज? वास लई भारी सुटलाय!"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. प्रतिभानं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की लाजत होती ते कळलं नाही. म्हणजे तीन महिने तो भला माणूस रोज दुपारी ते गाणं ऐकत होता, आणि रोज शेवटी मी कढीची चौकशी करत होतो. आणि तरी मला एका शब्दानं बोलला नव्हता.

वहिनींना आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. "रविवारी म्हणीन," त्या शेठना म्हणाल्या. "पूर्ण. तुमच्यासमोर बसून. गिरणीतल्या बायकांनाही बोलवते, झालं ते झालं. पण कुणाच्या हातात मोबाईल नको. आणि..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आणि काय, वहिनी?"

"तुमच्या गिरणीचा पट्टा जुना झालाय ना, भाऊ? आळेफाट्याला चांगले मिळतात म्हणे."

रविवारी सकाळी दहाला मी आळेफाट्याच्या एसटीत होतो.

परत आलो तर आळीभर शांतता. शेठ दुकानाच्या पायरीवर बसले होते, कानात काही नाही, आणि हसत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "असंच." गोजरबाईंना गाठलं, तर त्यांनी नुसते डोळे पुसले. घरी आलो.

"प्रतिभा, कसं झालं?"

"सांगन्यासारखं न्हाई. ऐकन्यासारखं व्हतं."

"अगं पण शेवटी आई काय म्हणते?"

"ते आईनं पोरीला सांगितलंय, तुमाला न्हाई. तुमी पट्टा बसवा."

पट्टा बसवायला गेलो. एका नंबरानं मोठा निघाला.