बाबा तळ्यात सापडले

मार्कर जाड निघाला, एवढंच खरं तर घडलं. बाकी सगळं त्या जाडीतून आपोआप होत गेलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. (आत्याचं मत वेगळं आहे, आणि ती ते कुणालाही मागितल्याशिवाय देते.)

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई गेल्याच्या सुमारासच ते निवृत्त झाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते दीड वर्ष बसून राहिले. जेवायला चला म्हटलं, की "बरं." कपडे बदला म्हटलं, की "बरं." लिफ्टच्या खड्ड्यात वाकून हाक मारावी आणि खालून काहीच येऊ नये, तसं ते "बरं" होतं.

मग त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच डिस्क गोल्फ खेळायला नेलं. म्हणजे झाडाझुडपांच्या मैदानात प्लॅस्टिकच्या चकत्या फेकत फेकत जायचं आणि कमीत कमी फेकींत चकती साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. अशा अठरा टोपल्या. बाबा संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या पँटला कुसळं चिकटली होती आणि त्यांनी स्वतःहून विचारलं, "जेवायला काय आहे?" मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं रडले आणि मग पोळ्या कमी पडल्या म्हणून पुन्हा थोडी रडले.

तीन महिन्यांनी ते म्हणाले, "चार दिवस, पाच मैदानं. आपली गाडी, तू आणि मी. आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊन बघू."

मी "हो" म्हटलं आणि लगेच घाबरले. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करते. माणसाला काय काय होऊ शकतं हे मी रोज दहा ते सहा वाचते, सहीशिक्क्यासकट. शिवाय आईची बातमी मला त्याच टेबलावर, अनोळखी नंबरवरून आली होती. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की माझ्या हातात जे असेल ते खाली पडतं. (ऑफिसने मला आता स्टीलचा पेला दिला आहे.)

पण नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं तर पुन्हा खुर्ची. म्हणून मी नियोजन करायला घेतलं. चौदा पानं झाली. वाटेतले सगळे दवाखाने नकाशावर लाल शाईने, पेट्रोल पंप हिरव्या शाईने. पान सहावर "वीज पडल्यास" आणि पान सातवर "वीज पडून गेल्यास". बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि हळूच विचारलं, "यात खेळायचं कधी आहे?"

पान नऊवर चकत्यांचा विषय होता. चकती हरवली तर सापडणाऱ्याने परत करावी म्हणून खेळाडू चकतीच्या उलट्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात. बाबा फोन उचलत नाहीत, तेव्हा नंबर माझा. "ही माझ्या वडिलांची वस्तू आहे, सापडल्यास कृपया कळवावे" असं लिहायचा माझा विचार होता, पण मार्कर जाड. नुसतं नाव लिहावं, तर हात धजेना. वडिलांचं नाव मी जन्मात फक्त फॉर्मवर लिहिलंय, तेही रकाना दिसला म्हणून. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं "बाबा" आणि खाली माझा नंबर. अकरा चकत्या, अकरा बाबा. टेबलावर वाळत ठेवल्यावर मला कितीतरी दिवसांनी सुरक्षित वाटलं.

निघायचं होतं शनिवारी. गुरुवारी साडेअकराला ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. पेला पडला.

"हॅलो, तुमचा बाबा सापडलाय."

मला आधी राग आला तो "तुमचा"चा. माझ्या बाबांना एकेरीत बोलणारा हा कोण? आणि मग बाकीचं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं.

"क... कोण बोलतंय?"

"मैदानावरचा माळी. तळ्याच्या कडेला होता. चिखलात, उपडा."

"होता म्हणजे?"

"आता नाही, आता काढलाय. धुऊन-पुसून उन्हात ठेवलाय."

मी टेबल धरलं. प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं, की घाबरायचं नाही, आधी रंग विचारायचा.

"रंग... रंग कसा आहे?"

"निळा."

"पूर्ण?"

"पूर्ण. कडेला जरा कुत्रा चावलाय. पण तेवढं चालतं, काही बिघडत नाही."

"अहो, बोलतायत का ते? काही बोलले का?"

मग तो माणूस अतिशय जपून म्हणाला, "नाही ताई. अजून तरी नाही."

"मी येते. मी आत्ता येते. त्यांना एकटं सोडू नका."

"एकटा नाही. शेडमध्ये आणखी दोन आहेत. त्यांचं तर महिनाभर कुणी आलं नाही. पण पाचच्या आत या हं, नंतर मी कुलूप लावतो."

घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. बाबांचा मोबाइल लावला, तो घरातच वाजत असणार. मग आत्याला लावला. आत्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिच्याशी रडत बोलता येत नाही.

"आत्या, बाबा तळ्यात सापडले. निळे पडलेत. कुत्रा चावलाय. माळ्याने शेडमध्ये ठेवलंय."

"दचके," (हे माझं घरातलं नाव) "एक वाक्य झाल्यावर श्वास घे. कुत्रा आधी चावला की नंतर?"

"मला नाही माहीत गं!"

"मग विचारायचं नाही का? तू जा तिकडे, दादाला घरी आण. मी डॉक्टरांना घेऊन घरी पोचते." आवाज करडाच होता, पण शेवटचं "पोचते" तिच्याच्याने नीट झालं नाही. तेव्हा मात्र मी धावतच खाली जाऊन टॅक्सी गाठली.

टॅक्सीत काय झालं ते मला आठवत नाही. टॅक्सीवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, एवढं आठवतं. मैदानाच्या टोकाला पत्र्याची शेड होती. दारात पांढऱ्या मिशांचे माळीबुवा उभे होते. ते आत गेले आणि दोन्ही हातांवर घेऊन, आदराने, बाबांना बाहेर घेऊन आले.

निळे. गोल. कडेला चार दातांच्या खुणा.

मी ती चकती छातीशी धरली आणि गवतावर बसून हमसून हमसून रडले. माळीबुवा बिचारे बाजूला उभे.

"ताई, बाजारात नवीन मिळते."

"तुम्ही चकती सापडली असं का नाही म्हणालात?"

"रोज पाचसहा फोन करतो मी. चकती सापडली म्हटलं की लोक विचारतात, कुठली. म्हणून वर जे लिहिलंय तेच सांगतो. काल 'प्रोफेसर' सापडला, झाडावर अडकला होता. काठीने पाडला." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "त्यांच्या घरचं कुणी एवढं रडलं नाही."

घरी पोचले तर दार उघडं. आत्या पदराने डोळे टिपत होती आणि त्याच वेळी बाबांना रागावत होती. डॉक्टर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. आणि मध्यभागी बाबा. सकाळी सरावाला गेले होते, चकती पाण्यात गेली, हळहळले, आणि प्रवासाला निघायचं म्हणून केस कापायला गेले. मानेवर अजून बारीक केस होते. इतके टापटीप बाबा मी पावणेदोन वर्षांत पाहिले नव्हते.

मी आनंदाने काहीतरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "आपण कुठेही जायचं नाहीये. रद्द. मला हे झेपणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मानेवरचे केस झटकले.

"बरं," ते म्हणाले. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

ते "बरं" ऐकलं आणि मला कळलं, की जे मी तळ्याकाठी गमावलं नव्हतं ते इथे, दिवाणखान्यात, स्वतःच्या हाताने घालवते आहे. पण शब्द परत कसे घ्यायचे हे चौदा पानांत कुठेच नव्हतं.

"डॉक्टर," मी शेवटी म्हटलं, "तुम्ही तपासा. तुम्ही हो म्हणालात तर... तर जाऊ."

डॉक्टरांनी बाबांचं बीपी घेतलं, छाती ऐकली, डोळे पाहिले. मग पट्टा काढून माझ्या दंडाला गुंडाळला. मी म्हटलं, माझं कशाला? ते म्हणाले, हात सैल सोडा. मशीनने आकडा दाखवला तसे ते जरा मागे सरकले, पुन्हा एकदा घेतलं, आणि चिठ्ठी लिहायला बसले.

आत्याने ती चिठ्ठी शाळेच्या प्रार्थनेसारखी खणखणीत वाचली. "चार दिवस मोकळी हवा आवश्यक. प्रवासास हरकत नाही. मात्र एकटे सोडू नये, सोबत जबाबदार व्यक्ती असावी."

माझ्या जिवात जीव आला. मी डोळे पुसले, ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "आहे ना. मी आहे. मी त्यांना क्षणभर नजरेआड करणार नाही."

डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले, "वरचं नाव वाचा."

नाव माझं होतं.

आत्याने चिठ्ठीची घडी केली आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिलेल्या बाबांच्या खिशात घातली. "दादा, सांभाळून ने हं तिला. रस्ता ओलांडताना हात धर."

"बरं," बाबा म्हणाले. पण या वेळी हसत.

मी सव्वीस वर्षांची आहे.